परदेशातील अनोळखी लोकांशी पोस्टकार्डांची देवाणघेवाण : कोल्हापुरातून सुरुवात कशी करावी?

राजारामपुरीकर यांचा प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी यंदा नववीत आहे. तिच्या भूगोलाच्या बाईंनी परदेशातील अनोळखी लोकांशी पोस्टकार्डांची देवाणघेवाण करण्याच्या छंदाविषयी वर्गात सांगितल्यापासून तिने घरात तोच धोशा लावला आहे. मी स्वतः पोस्टक्रॉसिंग या अशाच उपक्रमाच्या संकेतस्थळावरील माहिती वाचली. नाव नोंदवले की कोणत्या तरी देशातील एका सभासदाचा पत्ता मिळतो, त्याला आपण कार्ड पाठवायचे आणि काही काळाने आपल्यालाही कोठून तरी कार्ड येते, एवढे समजले. परंतु ज्याला आपण लिहिले तोच उत्तर पाठवतो की दुसराच कोणी, आणि दुसराच कोणी पाठवत असेल तर या व्यवहाराला पत्रव्यवहार म्हणावे का, हे काही नीट उमगले नाही.

दुसरी अडचण अगदी स्थानिक आहे. महाद्वार रोडपासून भवानी मंडपापर्यंतच्या दुकानांत अंबाबाईच्या तसबिरी, फोटो, किल्ल्यांच्या साखळ्या असे सगळे मिळते. पण मागे मजकुरासाठी आणि पत्त्यासाठी जागा असलेले कोल्हापूरचे चित्रकार्ड मागितले की दुकानदार पुन्हा फोटोच पुढे करतात. टपाल कार्यालयात मागणी केली तेव्हा ५० पैशांचे साधे पोस्टकार्ड हाती आले. ते परदेशी चालते का?

तिसरी शंका माझ्या यजमानांची आहे. घरचा पत्ता जगातील कोणाही अनोळखी माणसाच्या हाती पडणार, तोही शाळकरी मुलीच्या नावासह, हे त्यांना मुळीच पसंत नाही आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे असे मलाही वाटते.

शेवटचा प्रश्न मजकुराचा. मुलीने कच्चा मसुदा केला, त्यात अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, तांबडा-पांढरा रस्सा, चपला, गूळ आणि कुस्ती एवढे सारे पाच ओळींत कोंबले होते. वाचून मलाच कंटाळा आला. एवढ्याशा जागेत परक्या माणसाला सांगावे तरी काय?

टपालप्रेमी यांचे उत्तर

ताई, पहिल्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण नवख्या सभासदांचा हिरमोड बहुधा तेथेच होतो. आपण ज्याला कार्ड पाठवतो तो आपल्याला उत्तरादाखल कार्ड पाठवत नाही. प्रत्येक कार्डाला एक क्रमांक मिळतो, त्याच्या आरंभी पाठवणाऱ्याच्या देशाची दोन अक्षरे असतात; भारतातून निघालेल्या कार्डावर आय आणि एन ही रोमन अक्षरे आणि पुढे आकडे. हा क्रमांक कार्डावर लिहायचा. कार्ड पोहोचले की ते मिळालेली व्यक्ती संकेतस्थळावर तो क्रमांक नोंदवते, सोबत आभाराच्या दोन ओळी लिहिते, आणि ही नोंद झाल्यावरच आपला पत्ता पुढे कोणत्या तरी तिसऱ्या सभासदाला दिला जातो. म्हणजे आपले कार्ड जर्मनीला गेले आणि आपल्याला तैवानहून आले, असेच सहसा घडते. जितकी आपली कार्डे पोहोचतील साधारण तितकीच आपल्याला येतील, एवढाच हिशेब या व्यवस्थेने पाळला आहे. पोर्तुगालमधील पाउलो मागाल्यांइश या तरुणाने १४ जुलै २००५ रोजी हा उपक्रम सुरू केला आणि आजवर सात कोटींहून अधिक कार्डे पोहोचल्याची नोंद झाली आहे. इतक्या वर्षांत मूळ रीत मात्र हीच राहिली.

आरंभी एका वेळी पाचच कार्डे वाटेवर ठेवता येतात. ती पोहोचू लागली की मर्यादा हळूहळू वाढते. ही अट मला शहाणपणाची वाटते, कारण उत्साहाच्या भरात वीस पत्ते घ्यायचे आणि पाच कार्डे टाकायची, हा आपल्या सर्वांचाच स्वभाव आहे. वाटेतील कार्ड ६० दिवसांत नोंदले गेले नाही तर ते त्या मर्यादेत मोजले जात नाही आणि नवा पत्ता घेता येतो. उशिरा पोहोचलेल्या कार्डाची नोंद त्यानंतरही होऊ शकते. कोल्हापूरहून युरोपात कार्ड दोन-तीन आठवड्यांत गेल्याचे पाहिले आहे आणि त्याच देशाला दोन महिने लागल्याचेही पाहिले आहे. साध्या टपालाने जाणाऱ्या कार्डाचा माग काढण्याची सोय नसते, त्यामुळे काही कार्डे हरवणार हे मुलीला आधीच सांगून ठेवा.

५० पैशांचे कार्ड देशांतर्गत वापरासाठी आहे, त्या मूल्यावर ते परदेशी जाणार नाही. परदेशी हवाई टपालाचा पोस्टकार्डाचा दर वेगळा आणि बराच जास्त असतो, तो अधूनमधून बदलतो, म्हणून कार्डे टाकण्याआधी खिडकीवर विचारून मगच तिकिटे घ्यावीत. शहरातील लहान उपकार्यालयांत परदेशी कार्डाचा दर विचारणारे गिऱ्हाईक क्वचित येते, त्यामुळे तेथील कर्मचारी पत्राचा दर सांगण्याची शक्यता असते. 'पत्र नव्हे, पोस्टकार्ड, हवाई मार्गाने' असे स्पष्ट सांगावे. रमणमळ्यातील मुख्य टपाल कार्यालयात गेल्यास हे काम सोपे होते.

तिकिटांच्या बाबतीत एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडची स्मारक तिकिटे दिसायला सुरेख, पण आकाराने मोठी असतात. कमी मूल्याची चार मोठी तिकिटे लावली की मजकुराची निम्मी जागा संपते. म्हणून आधी तिकिटे लावावीत आणि मग उरलेल्या जागेत लिहावे. अनेक परदेशी सभासद तिकिटांचेच शौकीन असतात आणि संकेतस्थळावरील आपल्या परिचयात तसे लिहून ठेवतात. अशांना चांगले स्मारक तिकीट पाठवण्यात खरा आनंद आहे. राजर्षी शाहू महाराजांवर १९७९ साली, वि. स. खांडेकरांवर १९९८ साली आणि व्ही. शांताराम यांच्यावर २००१ साली टपाल तिकीट निघाले होते. ती आता खिडकीवर मिळायची नाहीत, संग्राहकांकडे शोधावी लागतील, परंतु आपल्या गावाशी जोडलेले तिकीट कार्डावर असणे मला तरी फार आवडते. नव्या तिकिटांसाठी टपाल खात्यात २०० रुपये भरून फिलाटेली डिपॉझिट अकाउंट उघडता येते, मग नवी तिकिटे घरपोच येतात. तिकिटाला मागे पुरेसा डिंक नसेल तर कार्यालयातील बाटलीतला ओघळणारा डिंक टाळावा आणि घरून गोंदाची कांडी न्यावी.

पावसाविषयी आपण विचारले नाही, पण मीच सांगतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे जो पाऊस कोसळतो त्यात जेल पेनाने लिहिलेला पत्ता टिकत नाही. साधे बॉलपेन किंवा पाण्याने न पसरणारी शाई वापरावी, निदान पत्त्यासाठी तरी. मला पावसाळ्यात आलेल्या एका कार्डाचा मजकूर संपूर्ण निळा ढग झाला होता. नशिबाने क्रमांक काळ्या पक्क्या शाईत होता म्हणून नोंद करता आली. म्हणूनच क्रमांक दोन ठिकाणी लिहावा असे जुने सभासद सांगतात.

पत्ता संकेतस्थळावर जसा दिला आहे तसाच, ओळींचा क्रम न बदलता उतरवायचा. आपल्याला 'प्रति, श्री.' लिहिण्याची सवय असते, त्याची गरज नाही. जपान, चीन, तैवान यांचे पत्ते त्यांच्या लिपीत दिलेले असतील तर ते छापून चिकटवावेत, मात्र देशाचे नाव शेवटच्या ओळीत इंग्रजीत ठळक लिहावे, म्हणजे मुंबईतून बाहेर पडताना घोटाळा होत नाही. 'हवाई टपाल' ही खूण फ्रेंच भाषेत असण्याची रीत आहे. जागतिक टपाल संघाची भाषा फ्रेंच असल्याने ती सर्वत्र चालते, आणि तिची निळी चिठ्ठी लावली नाही तरी 'एअरमेल' एवढे रोमन अक्षरांत लिहिलेले पुरते.

कागल नाका यांचे मत

मी या उपक्रमात काही काळ होतो आणि बाहेर पडलो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. येणाऱ्या कार्डांपैकी पुष्कळांवर 'माझे नाव अमुक, मला एक मांजर आहे, आज आमच्याकडे थंडी आहे, आनंदी पोस्टक्रॉसिंग' एवढाच मजकूर असतो. आपण विचारपूर्वक लिहावे आणि आपल्याला हवामानाचे वृत्त यावे, यात समतोल कोठे आहे? ज्याला खरोखर परदेशी माणसाशी ओळख वाढवायची आहे त्याने पत्रमित्र शोधावा, एकाच व्यक्तीशी वर्षभर लिहावे. कार्ड पाठवणारा उद्या दुसऱ्याला लिहिणार आणि आपण तिसऱ्याला, या साखळीत कोणाचा कोणाशी संबंधच जुळत नाही. शाळकरी मुलीच्या खर्चाचाही विचार करावा. परदेशी तिकिटे, छापील कार्डे आणि टपाल कार्यालयाच्या खेपा धरता हा छंद वाटतो तितका स्वस्त नाही.

पंचगंगाघाट यांचे उत्तर

कागल नाका यांची तक्रार खोटी नाही. मलाही मांजरांची आणि थंडीची पुष्कळ कार्डे आली आहेत. परंतु त्यांनी ज्याला उणीव म्हटले तेच मला या देवाणघेवाणीचे वैशिष्ट्य वाटते. येथे परतफेडीची अपेक्षा त्या माणसाकडून नसल्यामुळे लिहिताना कोणतेही दडपण राहत नाही, ओळख टिकवण्याची जबाबदारी येत नाही, आणि एक गोष्ट सांगून मोकळे होता येते. जो एकाच माणसाशी लिहू इच्छितो त्यालाही वाट बंद नाही. दोघांची संमती असेल तर थेट अदलाबदल करता येते आणि अशा अदलाबदलीतून पुढे दीर्घ पत्रव्यवहार जुळलेले मी पाहिले आहेत.

आता ताईंचा शेवटचा प्रश्न, जो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. मुलीने पाच ओळींत सात गोष्टी लिहिल्या, त्यातील सहा खोडून टाकाव्यात. उरलेली कोणती हे मात्र आपल्या मनाने न ठरवता पत्ता कोणत्या देशाचा आला आहे ते पाहून ठरवावे. कोल्हापूरकराला हे सुख आहे की आपल्या गावाचे धागे अनपेक्षित ठिकाणी जाऊन पोहोचले आहेत, आणि ते धागे समोरच्या माणसाला बहुधा ठाऊक नसतात.

इटलीचा पत्ता आला तर फ्लॉरेन्सविषयी लिहावे. कोल्हापूरचे राजाराम महाराज, म्हणजे शाहू महाराजांच्या आधीच्या पिढीतील छत्रपती, १८७० साली युरोपच्या दौऱ्यावर गेले होते. इंग्लंडहून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघ्या विशीत होते. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले आणि त्या जागी १८७४ साली छत्री उभारली गेली, जिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांनी केला होता. याच मँटनी पुढे आपल्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला. ती छत्री काशिने उद्यानाच्या टोकाला आजही आहे आणि जवळच्या पुलालाही तेथील लोक 'भारतीयाचा पूल' याच अर्थाच्या नावाने ओळखतात. फ्लॉरेन्समध्ये राहणारे लोक त्या पुलावरून रोज जातात, पण तो 'भारतीय' आमच्या गावचा होता, हे कोल्हापूरच्या मुलीने नव्या राजवाड्याच्या चित्रामागे लिहून कळवले तर ते कार्ड कोणी टाकून देईल असे वाटत नाही. मी माझ्या परिचयात या छत्रीचे चित्र असलेले कार्ड मिळाल्यास आनंद होईल असे लिहून ठेवले आहे. ते अजून आलेले नाही.

येथे थोडे विषयांतर, पण विषयाला धरूनच. जगातील पहिले सरकारी पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीत १ ऑक्टोबर १८६९ रोजी निघाले, इमान्युएल हेरमान या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने थोडक्या मजकुरासाठी स्वस्त कार्ड असावे असे सुचवल्यानंतर. बरोबर एका वर्षाने, १ ऑक्टोबर १८७० रोजी, ते ब्रिटनमध्ये आले, म्हणजे राजाराम महाराजांच्या दौऱ्याच्याच वर्षी. भारतात मात्र पाव आण्याचे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले. त्या काळी कार्डाची एक बाजू केवळ पत्त्यासाठी राखून ठेवलेली असे. पत्त्याच्या बाजूला मध्ये रेघ मारून डावीकडे मजकूर लिहिण्याची मुभा ब्रिटनने १९०२ साली दिली, आणि तेथून पुढे दुसरी बाजू संपूर्ण चित्राला मोकळी झाली. त्याच १९०२ साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि पुढे १९१२ साली कुस्तीचे खासबाग मैदान उभे राहिले, हे कोल्हापुरात सर्वांना पाठ आहे. रोमच्या माणसाला ते कोण सांगणार?

पोलंडचा पत्ता आला तर वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेल्या पोलिश नागरिकांपैकी सुमारे पाच हजार लोक, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. फाळणीनंतर त्याच जागेवर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि तिला आज आपण गांधीनगर म्हणतो. महावीर उद्यानातील स्मृतिस्तंभ आपण जाता-येता पाहतो. वॉर्सामध्येही या छावणीची आठवण जपलेली आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तेथे आदरांजली वाहिली होती. मी पोलंडला लिहिताना दरवेळी हेच लिहितो, आणि आभाराच्या ओळींत कधी कोणाच्या आजीचा, कधी कोणाच्या शेजाऱ्याचा उल्लेख येतो.

फिनलंडचे पत्ते बरेच येतात, कारण त्या देशात हा छंद चांगलाच रुजला आहे. तेथे खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी होता आणि त्याच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले होते. एवढे दोन वाक्यांत बसते.

प्रत्येक देशाशी असा धागा सापडेलच असे नाही, आणि ओढूनताणून जोडूही नये. तेव्हा त्या आठवड्यात घरात किंवा गल्लीत घडलेली एकच गोष्ट सांगावी. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे हे लिहिण्यापेक्षा गुऱ्हाळावर गरम काकवी कशी चाखली हे लिहिलेले बरे. मुलीचे इंग्रजी साधे असेल तर ते साधेच राहू द्या, कारण वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांची मातृभाषाही इंग्रजी नसते. शेवटी एक ओळ देवनागरीत लिहून तिचा उच्चार रोमन अक्षरांत द्यावा. जवळजवळ प्रत्येक जण त्या ओळीचा उल्लेख करतो.

राजारामपुरीकर

आपणा सर्वांचे आभार. वळिवड्याची माहिती मुलीने आजोबांना वाचून दाखवली आणि त्यावरून घरात तासभर गप्पा झाल्या. खर्चाबाबत कागल नाका यांचे म्हणणे लक्षात घेऊन महिन्याला मोजकीच कार्डे टाकायची असे ठरवले आहे. चित्रकार्डांचे काय करावे आणि पत्त्याविषयी यजमानांची शंका, या दोन गोष्टी अजून राहिल्या आहेत.

शाहूपुरी मुद्रण यांचे उत्तर

मी छपाईच्या व्यवसायात आहे, म्हणून कार्डांविषयी तेवढे सांगतो. दुकानात शोधत बसण्यापेक्षा स्वतःची कार्डे छापून घेणे सोयीचे आणि एकूण हिशेबात स्वस्त पडते. आकार १० बाय १५ सेंटीमीटर ठेवावा. तो जगभर चालतो आणि एका मोठ्या शीटवर अनेक कार्डे बसतात. कागद ३०० जीएसएमचे (म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचे) आर्ट कार्ड घ्यावे. त्याहून पातळ कागद यंत्रात दुमडतो.

सर्वांत महत्त्वाची सूचना मागील बाजूविषयी आहे. छपाईवाल्याला सांगितले नाही तर तो सवयीने दोन्ही बाजूंना चकचकीत लॅमिनेशन करून देतो, लग्नपत्रिकेला करतात तसे. अशा पृष्ठभागावर पेन चालत नाही, तिकीट नीट चिकटत नाही आणि टपालाचा शिक्का पुसला जातो. लॅमिनेशन हवेच असेल तर केवळ चित्राच्या बाजूला, मागची बाजू कोरी आणि खरखरीत ठेवावी. मागे मधोमध उभी रेघ, उजवीकडे पत्त्यासाठी चार ओळी, वर कोपऱ्यात तिकिटाची चौकट आणि तळाशी लहान अक्षरांत चित्रातील स्थळाचे नाव, एवढेच छापावे. शिक्का आणि तिकिटे नेहमी उजव्या अर्ध्या भागात येतील अशी रचना ठेवली की मजकुरावर काही येत नाही.

चित्र कोणते घ्यावे याबाबत माझे मत असे की मोबाइलवर काढलेला रंकाळ्याचा सूर्यास्त टाळावा. तसे सूर्यास्त प्रत्येक देशातून येतात. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपातील वर्तुळाकार उघडे छत, चप्पल शिवणाऱ्या कारागिराचे हात, दाजीपूरचा गवा किंवा पन्हाळ्याचा तीन दरवाजा ही चित्रे वेगळी वाटतात. पन्हाळा जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला आहे, आणि जागतिक वारसा स्थळांची कार्डे जमवणारे सभासद पुष्कळ आहेत, त्यामुळे त्या चित्राला मागणी राहील. छायाचित्र दुसऱ्याचे असेल तर परवानगी घ्यावी. शहरातील कलामहाविद्यालयांतील मुले उत्तम जलरंग करतात. त्यांच्याकडून एखादे चित्र विकत घेऊन ते छापले तर दोघांचेही भले होते. कमी प्रती हव्या असतील तर ऑफसेटच्या मागे न लागता डिजिटल छपाई करावी, आणि चार-पाच जणांनी मिळून एका शीटवर वेगवेगळी चित्रे लावली की प्रत्येकाला सर्व प्रकारची कार्डे मिळतात.

टपालप्रेमी

पत्त्याची शंका राहिली होती, ती रास्त आहे म्हणून सविस्तर लिहितो.

संकेतस्थळावर आपला पत्ता सर्वांना दिसत नाही. आपल्याला कार्ड पाठवण्यासाठी ज्या सभासदाची निवड झाली त्यालाच तो दाखवला जातो. तरीही तो अनोळखी माणसाकडे जातो हे खरेच, आणि कार्ड उघडे असल्यामुळे त्यावरील मजकूर वाटेत कोणीही वाचू शकतो हेही खरे. म्हणून माझा सल्ला असा की खाते आई किंवा वडिलांच्या नावाने, त्यांच्याच ईमेलवर उघडावे आणि मुलीने त्यावरून लिहावे. परिचयात तिचे वय, शाळेचे नाव, फोन क्रमांक किंवा समाजमाध्यमांवरील खाते देऊ नये. 'आम्ही मायलेकी मिळून कार्डे लिहितो' एवढे पुरेसे आहे आणि ते वाचून लोक आपुलकीने लिहितात. यजमानांचे कार्यालय किंवा दुकान असेल तर तो पत्ता द्यावा. ते शक्य नसेल तर टपाल खात्याकडून पोस्ट बॉक्स भाड्याने घेता येतो, मुख्य कार्यालयात त्याची चौकशी करावी. थेट अदलाबदलीचे प्रस्ताव खात्यावर येतील, ते प्रथम मोठ्यांनी वाचावेत आणि पैसे किंवा भेटवस्तू मागणाऱ्यांना उत्तर देऊ नये.

आणखी एक गोष्ट आपल्या गावापुरती. कोल्हापूरचा पत्ता म्हणजे वॉर्ड, पेठ, गल्ली, अमुक तालमीच्या मागे, तमुक देवळासमोर, असा लांबलचक असतो. तो परदेशातील माणूस एकेक अक्षर पाहून हाताने उतरवणार आहे, आणि त्याला 'तालीम' कोठे संपते आणि 'गल्ली' कोठे सुरू होते हे कळणार नाही. म्हणून पत्ता नोंदवताना तो पाच ओळींत आटोपशीर करावा: नाव, घर क्रमांक आणि इमारत, गल्ली किंवा पेठ, मग कोल्हापूर आणि पिन, शेवटी भारत. पिन कोडचे सहा आकडे अचूक आणि सुटे हवेत, कारण बाकी काही चुकले तरी त्या आकड्यांवरून कार्ड आपल्या वाटपाच्या कार्यालयापर्यंत येते. पुढचे काम पोस्टमन करतात. त्यांना एकदा भेटून मुलीची ओळख करून द्या आणि या पत्त्यावर परदेशी कार्डे येणार आहेत असे सांगून ठेवा. आमच्या भागातील पोस्टमन तर हल्ली कार्ड हातात देताना आधी कोणत्या देशाचे ते स्वतःच सांगतात. सोसायटीच्या सामाईक पेटीत कार्डे टाकू नयेत अशी विनंतीही तेव्हाच करावी, कारण छान चित्राचे कार्ड पेटीतून कोणीही सहज उचलून नेते.